भुंगेऱ्याने अडवलेला हायवे

सिव्हिलवाल्या मित्रांनो, एक साधा प्रश्न. हायवेचं काम कशामुळे अडतं? भूसंपादन, कोर्टाचा स्टे, थकलेलं बिल, मधेच लागलेला कातळ... ही उत्तरं सेकंड इयरचा पोरगाही देईल. फ्रान्समध्ये मात्र ए-२८ नावाच्या हायवेचं काम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका किड्यामुळे अडलं. एक-दोन महिने नव्हे, काही वर्षं अडलं! ल माँ आणि तूर या दोन शहरांमधला हा पट्टा. (ल माँ म्हणजे तेच, चोवीस तासांच्या कार रेसचं गाव. आपले मेकॅनिकलवाले त्याला ‘ले मान्स’ म्हणतात.) रस्ता पूर्ण सुरू व्हायला २००५ चा डिसेंबर उजाडला.

आता तुम्ही म्हणाल, किडाच तो, उचलायचा आणि ठेवायचा पलीकडच्या झाडावर. त्यात एवढं काय? नेमकं हेच का जमत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी किड्याची ओळख करून घेऊ. हा भुंगेरा आहे, म्हणजे पाठीवर कडक कवच असलेल्या कीटकांपैकी. लांबी अडीच ते साडेतीन सेंटिमीटर, रंग काळपट तपकिरी, दिसायला अगदीच सामान्य. शास्त्रीय नाव ऑस्मोडर्मा एरेमिटा. यातला ‘एरेमिटा’ म्हणजे एकांतात राहणारा बैरागी. १७६३ साली स्कोपोली नावाच्या शास्त्रज्ञाने हे नाव दिलं, कारण हा प्राणी जवळजवळ सगळा जन्म झाडाच्या ढोलीत काढतो. फ्रेंच लोक त्याला ‘पिक-प्र्यून’ म्हणतात. प्र्यून म्हणजे आलुबुखार. का, तर नराच्या अंगाला पिकल्या फळासारखा वास येतो. जर्मन लोकांना त्याच वासात रशियन कमावलेल्या चामड्याचा भास झाला, म्हणून त्यांच्याकडे नाव पडलं ‘युख्टनकेफर’. एकच वास, एकाला फळ आठवलं, दुसऱ्याला बूट! आपण आपलं त्याला ‘बैरागी’ म्हणू.

त्याची अळी कशी दिसते हे मात्र गावाकडच्या पोरांना सांगायला नको. उसाच्या नाहीतर भुईमुगाच्या रानात नांगरट करताना इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढरी, गुबगुबीत हुमणी निघते ना, तीच ठेवण. हुमणी आणि ही अळी एकाच कुळातल्या. फरक एवढाच की हुमणी जिवंत मुळं खाते आणि शेतकऱ्याच्या शिव्या खाते, तर बैराग्याची अळी फक्त कुजलेलं लाकूड खाते. जिवंत झाडाला ती हातही लावत नाही.

इथेच एक मोठा गैरसमज आहे. ढोली दिसली की आपण म्हणतो, ‘झाडाला कीड लागली, पोखरून काढलं.’ खरं तर या भुंगेऱ्याने ढोली केलेली नसते. ढोली करते बुरशी. बैरागी म्हणजे तयार खोलीत राहायला आलेला भाडेकरू.

ढोली कशी होते ते जरा नीट बघू, कारण त्यात इंजिनिअरिंग आहे. मोठ्या ओक वृक्षाच्या खोडात जिवंत भाग असतो तो बाहेरच्या बाजूला, सालीखालच्या थोड्या थरांत. पाणी वर नेण्याचं कामही बाहेरच्याच कड्या करतात. आतला गाभा म्हणजे मेलेल्या पेशी, झाडाने टॅनिन वगैरे भरून सील करून ठेवलेलं गोडाऊनच म्हणा ना. एखादी जाड फांदी वादळात मोडली, वीज पडली, कुणी कुऱ्हाड चालवली, की त्या जखमेतून बुरशीला आत जायला वाट मिळते. ओकच्या गाभ्यात शिरणारी एक बुरशी अशी आहे की तिची अळंबी खोडावर कच्च्या मांसाच्या तुकड्यासारखी लोंबते. इंग्रज तिला बीफस्टेक बुरशीच म्हणतात. या जातीच्या बुरश्या लाकडातलं सेल्युलोज खाऊन टाकतात आणि लिग्निन मागे ठेवतात. मग लाकूड तांबूस तपकिरी होतं, त्याला आडव्या-उभ्या भेगा पडतात आणि बोटाने दाबलं तर भुगा होतो. हे काम इतकं सावकाश चालतं की त्यात झाडाची पन्नास-शंभर वर्षं सहज जातात. झाड बाहेरून दरवर्षी नवी कडी चढवत असतं, आतून बुरशी जुन्या कड्या रिकाम्या करत असते. दोन्ही कामं एकाच वेळी.

मग असं पोकळ झाड पडत कसं नाही? मेकॅनिकलवाल्यांनी लगेच हात वर केला असेल. होलो शाफ्ट! वाकण्याला विरोध करतं ते मुख्यतः बाहेरच्या कडेचं मटेरियल. मधलं मटेरियल न्यूट्रल अ‍ॅक्सिसजवळ नुसतं बसून असतं (आपल्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये असतात तसे एक-दोन मेंबर). हिशोब करून बघा. मोमेंट ऑफ इनर्शिया व्यासाच्या चौथ्या घाताने चालतो. समजा पोकळीचा व्यास खोडाच्या व्यासाच्या ७० टक्के आहे. ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणजे जवळजवळ निम्मं लाकूड गेलं. पण ०.७ चा चौथा घात साधारण ०.२४. म्हणजे वाकण्याविरुद्धची क्षमता ७६ टक्के शिल्लक! एक मीटर व्यासाच्या खोडाला सगळीकडून पंधरा सेंटिमीटर जाडीची चांगली भिंत उरली तरी ही अवस्था आहे.

जर्मनीत कार्ल्सरूह इथल्या क्लाउस मॅथेक यांनी हजारभर नव्हे, पण पुष्कळ उभी आणि पडलेली झाडं तपासून याच्याशी जुळणारा एक अंगठेनियम मांडला. भिंतीची जाडी भागिले खोडाची त्रिज्या हे गुणोत्तर ०.३ च्या खाली गेलं की मोडण्याचा धोका वाढतो. या ०.३ वर तज्ज्ञांत वाद आहेत, आणि ते बरोबरच आहेत. कारण खरं झाड म्हणजे पुस्तकातली नळी नव्हे. ढोलीला बाजूने मोठं तोंड पडलं असेल, तर बंद नळीची उघडी नळी होते, आणि उघडा सेक्शन टॉर्शनमध्ये किती कच्चा असतो हे एसओएमच्या पेपरात आपण सगळ्यांनीच सोसलंय. शिवाय मुळं कुजली असतील तर खोड कितीही धडधाकट असून उपयोग नाही. पण मुद्दा हा की ‘पोकळ म्हणजे धोकादायक, पाडा’ हे समीकरण चुकीचं आहे. आज ध्वनिलहरी सोडून खोडाच्या आतलं चित्र काढता येतं, बारीक सुईसारख्या ड्रिलने भिंतीची जाडी मोजता येते. आणि धोका असलाच तर अख्खं झाड पाडण्याऐवजी शेंडा कमी करता येतो. वारा वर जास्त असतो, पानोरा वर असतो आणि लिव्हर आर्मही वरच असते. त्यामुळे वरचा थोडा भाग उतरवला तरी बुंध्याशी येणारा मोमेंट भरपूर कमी होतो. खोड उभं राहतं, ढोली राहते, आतली मंडळी राहतात.

आतली मंडळी कोण? ढोलीच्या तळाशी जो भुगा साठतो त्याला स्वीडिश आणि जर्मन भाषेत ‘मुल्म’ असा खास शब्द आहे. कुजलेलं लाकूड, बुरशीचे धागे, कीटकांची विष्ठा, पक्ष्यांची जुनी घरटी, वटवाघळांच्या लेंड्या, मेलेले किडे... असं सगळं मिळून बनलेलं हे मिश्रण. मोठ्या जुन्या झाडात ते शेकडो लिटर भरतं. बाहेर बर्फ असो की ऊन, भुग्याच्या खोलात तापमान आणि ओल फार बदलत नाही. आपल्या हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात राहिलेल्यांना या सोयीची किंमत कळेल.

बैराग्याची मादी या भुग्यातच अंडी घालते. अळी दोन-तीन वर्षं, थंड प्रदेशात कधी चार वर्षंही, भुग्यात फिरत, ढोलीची कुजकी भिंत कुरतडत वाढते. पूर्ण वाढलेली अळी पाच-सहा सेंटिमीटरची होते. मग शरद ऋतूत ती भुग्याचाच एक गोळा करून आत बंद होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यातून भुंगेरा बाहेर येतो. प्रौढ म्हणून जगायला त्याला मिळतात काही आठवडे. थोडक्यात, तीन-चार वर्षांची डिग्री आणि महिनाभराची नोकरी.

लाकूड हे तसं फार वाईट जेवण आहे. (मेसवर आता काही बोलत नाही.) त्यात कार्बन पुष्कळ, पण नायट्रोजन नावाला. बैराग्याच्या अळीच्या पोटातले जिवाणू हे लाकूड आंबवून पचवायला मदत करतात. गंमत म्हणजे तिच्या लेंड्यांमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस भोवतीच्या भुग्यापेक्षा जास्त असतात, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. म्हणजे ही अळी नुसती खात नाही, दुसऱ्यांसाठी जेवण सुधारून ठेवते. ज्या ओकमध्ये बैरागी राहतो तिथे ढोलीवर जगणाऱ्या इतर भुंगेऱ्यांच्या जातीही जास्त सापडतात. म्हणून संवर्धनवाले बैराग्याला निशाणीसारखं वापरतात. तो सापडला, म्हणजे त्या झाडात एक अख्खी वसाहत आहे असं समजायचं.

या वसाहतीत पोलीस-चोर पण आहेत बरं का. तो पिकल्या फळाचा वास आठवतो? त्यातलं रसायन म्हणजे गॅमा-डेकॅलॅक्टोन, जे पीचच्या इसेन्समध्येही वापरतात. नर हा वास सोडून मादीला बोलावतो. पण त्याच ढोल्यांत एक लालसर तपकिरी भुंगेरा असतो, क्लिक बीटल गटातला. उलटा पडला की ‘टक्’ असा आवाज करत उडी मारणारे असतात ना, त्यांच्यापैकी. त्याची अळी बैराग्याच्या अळ्या खाते. आणि त्या जातीला हाच वास ओळखता येतो! म्हणजे नराने लावलेल्या जाहिरातीचा पत्ता बघून शिकारी घरी हजर. संशोधकांनीही मग तीच युक्ती उचलली. कृत्रिम वासाचे सापळे लावायचे आणि कुठल्या रानात कोण शिल्लक आहे ते बघायचं, झाड फोडायची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. किडा उचलून दुसरीकडे का ठेवता येत नाही?

यासाठी दोन आकडे बघा. पहिला आकडा वेळेचा. स्वीडनमध्ये थॉमस रानियस आणि सहकाऱ्यांनी ओकची वयं आणि ढोल्या यांचा मेळ घातला. शंभर वर्षांच्या आतल्या ओकमध्ये ढोली असण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. दोनशे ते तीनशे वर्षांच्या झाडांपैकी निम्म्यांत ढोली. चारशेच्या पुढे गेलेल्या सगळ्या झाडांत. म्हणजे ज्या झाडाला आपण ‘म्हातारं’ म्हणतो ते या भुंगेऱ्यासाठी आत्ता कुठे भाड्याने द्यायला तयार झालेलं असतं.

दुसरा आकडा अंतराचा. स्वीडनमध्येच भुंगेऱ्यांवर खुणा करून, काहींच्या पाठीवर अर्ध्या ग्रॅमच्या आतला रेडिओ ट्रान्समीटर चिकटवून पाहिलं. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी या पॅकेजिंगला दाद द्यावी.) पंख असूनही बहुतेक भुंगेरे ज्या झाडात जन्मले तिथेच राहिले. झाड सोडून जाणारे शंभरातले पंधराच्या आसपास, आणि तेही बहुधा दोन-तीनशे मीटरच्या आत. इटलीसारख्या उबदार देशात काही जण दीड किलोमीटरपर्यंत गेलेले आढळले, पण सर्वसाधारण वागणूक घरकोंबड्याचीच. आणि यात मूर्खपणा काही नाही. ढोलीचं झाड एकदा तयार झालं की शंभर-शंभर वर्षं टिकतं. भुंगेऱ्याची पिढी तीन-चार वर्षांची. म्हणजे एका झाडात तीस पिढ्या सुखाने नांदू शकतात. असं घर सोडून अंधारात उडी कशाला मारायची? माश्या शेणाच्या पोवर बसतात, ते शेण आठवड्यात संपतं, म्हणून त्यांना सतत उडावंच लागतं. ज्याचं घर टिकाऊ, त्याची उडण्याची सवय गेली.

हे दोन आकडे एकत्र ठेवले की अडचण लक्षात येते. एखाद्या रानात जुनी झाडं आहेत आणि नवी रोपं आहेत, पण मधल्या वयाची झाडंच नाहीत, असं समजा. जुनी झाडं पुढच्या साठ-सत्तर वर्षांत पडतील. रोपांना ढोली यायला दीडशे-दोनशे वर्षं. मधे शंभर वर्षांची गॅप. बियाण्यासारखं जमिनीत पडून राहणं भुंगेऱ्याला जमत नाही. त्याला दर तीन-चार वर्षांनी अंडी घालायला ढोली लागतेच, आणि ती दोन-तीनशे मीटरच्या आत लागते. त्या गॅपमध्ये जात संपते. आज तिथे भुंगेरे दिसत असतील, मोजणीत आकडाही ठीक येईल, पण निकाल आधीच लागलेला असतो. इकॉलॉजीवाले याला ‘नामशेष होण्याचं कर्ज’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. हप्ता थकलाय, जप्ती अजून यायची आहे, एवढंच.

म्हणून ‘एक तोडू, दहा लावू’ हे गणित इथे लागू पडत नाही. दहा काय, दहा हजार लावा. आज, २०२० च्या दशकात लावलेला ओक ढोलीसकट मिळेल तो २२०० नंतर. सावलीसाठी, कार्बनसाठी रोपं ठीक आहेत, जरूर लावावीत. पण ती ढोलीची भरपाई नव्हेत. माझ्या मते प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये झाडांची नुसती संख्या लिहिणं म्हणजे स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर ‘कॉलम : १२ नग’ एवढंच लिहून साइज न देणं.

आता फ्रान्सचा तो हायवे कुठे अडला ते समजेल. ल माँच्या दक्षिणेला शेतांच्या बांधांवर ओक आणि चेस्टनटची जुनी झाडं होती. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ही झाडं डोक्याच्या उंचीवर छाटून जळण न्यायचे. आपल्याकडे कोकणात राबासाठी ऐन-किंजळ छाटतात, तसंच. अशा छाटलेल्या झाडांना जखमा लवकर होतात, ढोली लवकर धरते, आणि उंची कमी राहिल्याने झाड वादळात टिकतंही जास्त. म्हणजे बैराग्याची ही वस्ती निबिड अरण्यात नव्हती, माणसाच्या कुऱ्हाडीने घडवलेल्या बांधांवर होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतं एकत्र करून ट्रॅक्टरसाठी मोठी करण्याची मोहीम फ्रान्समध्ये जोरात चालली, त्यात असे बांध पुष्कळ गेले. उरलेल्यांतून ए-२८ ची आखणी झाली होती.

आणि कायदा? युरोपियन समुदायाने १९९२ साली हॅबिटॅट्स डायरेक्टिव्ह नावाचा नियम केला. त्यात बैराग्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातलंय. त्याला मारायचं नाही एवढंच नव्हे, त्याची वीण होण्याची जागाही नष्ट करायची नाही. जागा म्हणजे झाड. झाड म्हणजे अलाइनमेंट. काम थांबलं, किड्याची पाहणी सुरू झाली, तज्ज्ञ नेमले गेले, आणि पेपरवाल्यांना ‘किडा विरुद्ध हायवे’ ही हेडलाइन आयती मिळाली. रस्ता शेवटी झालाच. पण आखणी आधी आणि झाडांची मोजणी नंतर, हा उलटा क्रम किती महाग पडतो त्याचं हे उदाहरण होऊन बसलं.

जर्मनीत श्टुटगार्टला पुन्हा तेच. रेल्वे स्टेशन जमिनीखाली नेण्याचा ‘श्टुटगार्ट २१’ हा भला मोठा प्रकल्प. त्यासाठी राजवाड्याच्या बागेतली जुनी झाडं पाडायची होती. २०१० च्या सप्टेंबरअखेर तिथे आंदोलकांवर पाण्याचे फवारे मारले गेले, शंभराहून जास्त माणसं जखमी झाली, आणि त्याच मध्यरात्री झाडं पडायला सुरुवात झाली. आंदोलनाची कारणं बरीच होती, खर्चापासून जुन्या इमारतीपर्यंत. पण कायद्याच्या लढाईत हे युख्टनकेफर महाशय वारंवार साक्षीला उभे राहिले.

‘हे युरोपातले चोचले’ असं कुणाला वाटेल, म्हणून थोडं पलीकडचंही सांगतो. प्रश्न एका किड्याचा नाही. फिनलंडमध्ये जंगलातल्या एकूण जातींपैकी साधारण वीस ते पंचवीस टक्के, म्हणजे चार-पाच हजार जाती, कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत. भुंगेरे, माश्या, बुरश्या, शेवाळं. तिथल्या दक्षिणेकडच्या जुन्या, न छेडलेल्या जंगलात हेक्टरी ६० ते ९० घनमीटर मेलेलं लाकूड असतं. उभी वठलेली खोडं आणि आडवे पडलेले ओंडके, दोन्ही मिळून. लाकूड उत्पादनासाठी नीटनेटक्या राखलेल्या जंगलात तो आकडा २ ते १० वर येतो. जंगल हिरवं तेवढंच दिसतं. फोटोत फरक कळत नाही. फक्त घरांपैकी नव्वद टक्के घरं गेलेली असतात.

आणि मेलेलं लाकूड हे ‘एक’ घर नाहीच. सालीखाली राहणारे वेगळे, उन्हात वाळलेल्या उभ्या खोडातले वेगळे, ओल्या ओंडक्यातले वेगळे. इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजेशाही जंगलात निळसर काळ्या रंगाचा एक क्लिक बीटल आहे. त्याला ढोली लागते ती बुंध्याशी, जमिनीला टेकलेली, ओल्या काळ्या भुग्याची. ती सोडून वरची ढोली दिली तर चालत नाही. इंग्लंडभरात त्याची ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. आपल्याकडे देवरायांमध्ये पडलेली काटकीही उचलायची नाही असा दंडक कित्येक गावांत असतो. देवाच्या धाकाने का होईना, तिथे लाकूड जागच्या जागी कुजतं.

स्वीडनची गोष्ट तर फारच मासलेवाईक आहे. सोळाव्या शतकात तिथल्या राजाने फर्मान काढलं की देशातले ओक सरकारचे, कारण आरमाराची जहाजं ओकची. शेतकऱ्याच्या शेतात ओक उगवला तर त्याची सावली त्याने सोसायची, पण लाकूड मात्र राजाचं! साहजिकच शेतकरी ओकचा द्वेष करू लागले. रोप दिसलं की उपटायचं, मोठ्या झाडाला गुपचूप जखमा करायच्या. १८३० च्या सुमारास हे बंधन सुटलं आणि काही दशकांत देशातले बहुतेक जुने ओक तुटले. वाचले ते मुख्यतः सरदारांच्या जहागिरीतले. त्यामुळे आज स्वीडनमधले बैरागी सापडतात ते जहागिरींच्या कुरणांत, विशेषतः ऑस्टरयॉटलांड या भागात. त्याच सुमाराला, १८३१ पासून, आरमारासाठी वीसिंगसो नावाच्या बेटावर लाखोंनी ओक लावले गेले. ते तोडायला तयार झाल्याचं वनखात्याने आरमाराला कळवलं १९७५ साली, अशी गोष्ट सांगतात. तोवर जहाजं पोलादाची झाली होती. (प्रोजेक्ट सबमिशनला उशीर झाला तर हे उदाहरण द्यायला हरकत नाही.)

मग या शंभर वर्षांच्या गॅपचं करायचं काय? इथे संशोधकांनी केलेला जुगाड मला सर्वांत आवडला. ऑस्टरयॉटलांडमध्येच निकलास यानसन, रानियस वगैरे मंडळींनी ओकच्या फळ्यांची मोठी खोकी करून झाडांच्या खोडांना बांधली. आत काय भरलं? ओकचा भुसा, ओकचा पाचोळा, वाळलेलं गवत. आणि नायट्रोजन वाढवण्यासाठी वेगवेगळ्या खोक्यांत वेगवेगळा मसाला : काहींत बटाटे, काहींत ओट्स, काहींत लसूणघासाचं पीठ आणि काहींत चक्क एक मेलेली कोंबडी! नैसर्गिक ढोलीत पक्षी मरतात, घरटी कुजतात, त्याची ही नक्कल. तीन वर्षांनी मोजलं तर मेलेल्या लाकडावर जगणाऱ्या शंभराहून जास्त जातींचे भुंगेरे या खोक्यांत येऊन राहिले होते. जवळच्या खऱ्या ढोल्यांमधल्या जातींशी त्यांचा चांगलाच मेळ बसत होता. कोंबडीवाल्या खोक्यांकडे कल जरा जास्तच होता म्हणे. पेपर २००९ साली छापून आला.

खोकी म्हणजे काही ढोली नव्हे. फळी काही दशकांत कुजून जाईल, आणि जुन्या झाडांपासून अंतर वाढलं की भाडेकरूही कमी होत जातात. पण सत्तर वर्षांच्या गॅपमध्ये दोन-तीनदा खोकी बदलली तर पूल तरी पडतो.

दुसरा उपाय जरा निर्दय वाटेल. तरुण झाडांना मुद्दाम म्हातारं करायचं. २०१२ च्या सुमारास स्वीडन, नॉर्वे आणि इंग्लंडमध्ये तरण्याताठ्या ओकवर हा प्रयोग सुरू झाला. चेन-सॉने सुतारपक्ष्याच्या घरट्यासारखं भोक पाडायचं, घोड्याने साल कुरतडल्यासारखी जखम करायची, फांदी वादळाने मोडावी तशी फाडायची, आणि बुरशीला वाट करून द्यायची. एरवी दोनशेव्या वर्षी येणारी ढोली शंभराव्या वर्षी आणता येते का, हे बघायचं. एकाच ठिकाणची काही झाडं तुलनेसाठी तशीच सोडलेली आहेत. दर काही वर्षांनी लोक जाऊन भोकं तपासतात, भिंत किती भरून आली ते बघतात, कोण राहायला आलंय ते लिहून घेतात. काही भोकांत पक्ष्यांनी घरटी केली. बैराग्याला मात्र अजून भुगा पुरेसा नाही.